गणपतीआधी मुंबईचा बाजार: कुठल्या गल्लीत काय घ्यावं?

अंगणातली तुळस

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतल्या जाखडी (फेर धरून नाचायचा कोकणातला नाच) पथकाला यंदा नवे कपडे शिवायचे ठरलेत. शिलाई मशीन माझ्याकडे, म्हणून कापड आणायचं काम बैठकीत माझ्या नावावर टाकून सगळे चहा पिऊन उठून गेले. ही मुंबईला चालली असं कळल्यावर यादी वाढतच चाललीय. पायातल्या चाळांचे घुंगरू, मखराला दिव्यांच्या माळा, सासूबाईंना देवापुढे ठेवायला मोठी पितळी समई, माझ्या मशीनचे बॉबिन, सुया, बारीकसारीक भाग. देवळातली पेटी भाता सोडून बसलीय, तिचं काय करायचं तेही विचारून यायचंय. शेजारच्या काकींना लालबागचा मसाला हवाय.

चिपळूणहून रात्रीची गाडी, हातात दोन दिवस, मुक्काम नणंदेकडे परळला. दादर मला माहीत आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे मात्र एकटी कधी गेलेले नाही. नणंद नोकरी करते, ती बरोबर येणार नाही. पैसे मंडळाचे, त्यामुळे पक्कं बिल लागणार. कुठून सुरुवात करू? आणि कुठल्या वारी काय बंद असतं?

लालबागचा चाकरमानी

ताई, आधी वार ठरवा, बाकी सगळं नंतर. रविवारी मंगळदास मार्केट, लोहार चाळ, झवेरी बाजार हा सगळा पट्टा बंद. सोमवारी दादरची बरीचशी दुकानं बंद. शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद (तुमच्या यादीत नाही, पण कुणीतरी विचारणारच). म्हणजे मंगळवार-बुधवार किंवा बुधवार-गुरुवार असे दोन दिवस धरा. शनिवार नको, त्या दिवशी अख्खी मुंबई तिथेच असते.

दुसरं म्हणजे यादी वस्तूंप्रमाणे करू नका, गल्लीप्रमाणे करा. तुम्हाला जे हवंय त्यातलं बहुतेक सगळं एकाच सरळ वाटेवर आहे. सीएसएमटीला उतरलात की क्रॉफर्ड मार्केट चालत दहा मिनिटांवर. त्याच्या समोर रस्ता ओलांडला की मंगळदास मार्केट, कापडाचं. त्याच्या मागे लोहार चाळ, दिवे आणि विजेचं सामान. तिथून शेख मेमन स्ट्रीट धरून जुम्मा मशिदीवरून वर गेलात की झवेरी बाजार आणि मुंबादेवी. मुंबादेवीच्या पुढे पायधुनीकडे तांबाकाटा, तिथे तांब्यापितळेची भांडी. मग डावीकडे वळून भुलेश्वर. तिथे पूजेचं साहित्य, खोटे दागिने, देवांचे पोशाख, घुंगरू. भुलेश्वरातून चर्नी रोड किंवा मरीन लाइन्स स्टेशन गाठायचं. टॅक्सीची गरजच नाही, उलट टॅक्सी त्या गर्दीत अडकून पडते.

आता भुयारी मेट्रोची काळबादेवी, गिरगाव ही स्टेशनंही त्याच भागात आहेत. परतीला हातात ओझं असलं की तिचा उपयोग होतो.

फक्त क्रम एक बदला. कापड वाटेत पहिलं लागतं, पण वजनाने तेच सगळ्यात जड. ते ठरवून, पैसे देऊन दुकानातच ठेवा आणि जाताना उचला. बिलावर 'माल दुकानात' असं लिहून घ्या. मात्र मग परतीला चर्नी रोड नाही, पुन्हा सीएसएमटीलाच यावं लागेल.

दुर्वांची जुडी

+१. हाच धागा मला गेल्या वर्षी हवा होता. वाचतेय.

वाडीकर

मला एक कळत नाही, एवढ्यासाठी मुंबई कशाला? आमच्या सावंतवाडीकडचा माणूस कापडाला बेळगावला जातो. आंबोली चढलं की झालं, खडेबाजारात फिरा, संध्याकाळी घरी. सोनं, भांडी, चपला यासाठी कोल्हापूर. महाद्वार रोड आणि गुजरी एकमेकांना लागून. आणि किरकोळ खरेदीला शुक्रवारचा म्हापशाचा बाजार. मुंबईला जायचा-यायचा खर्च, वर दोन दिवस मोडायचे, हे सगळं धरलं तर स्वस्त काय पडलं?

लालबागचा चाकरमानी

तुमच्या जागी तुमचं बरोबर आहे. पण त्या गुहागर-चिपळूण बाजूच्या आहेत. त्यांना बेळगाव म्हणजे दिवसभराचा प्रवास, आणि कोल्हापूरला जायचं तर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडवरून. मुंबईची गाडी त्यांना रात्री झोपेत पोचवते.

वाडीकर

मान्य. तरी फेट्याचं कापड मी कोल्हापूरचंच घेईन. मुंबईत फेटे मिळतात, पण लांबी नीट असलेला, एका रंगाचा सुती फेटा हवा असेल तर कोल्हापुरात दुकानदाराला सांगायलाच लागत नाही. कुणी जाणारा-येणारा असेल तर मागवून घ्या.

सुई दोरा

माझं रत्नागिरीत शिवणकामाचं छोटं दुकान आहे. कापडासाठी मंगळदासला मी नेमाने जाते, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहिते.

मार्केट छपराखाली आहे. आत अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना गाद्या घालून बसलेले दुकानदार. बाहेरच्या बाजूची दुकानं किरकोळ गिऱ्हाइकाला सरावलेली असतात. आत जावं तसे घाऊकवाले लागतात. ते अख्खा ताका (कापडाचा पूर्ण गठ्ठा) देतात, मीटरवर फाडून देत नाहीत. पहिल्यांदाच विचारायचं, "मीटरने देता का?" नाही म्हणाले तर वेळ घालवायचा नाही, पुढचं दुकान. पण तुमचं काम पथकाचं आहे, सगळ्यांना एकच रंग. तेव्हा तुम्ही ताक्याच्या गिऱ्हाईक आहात. एका रंगाला एक ताका पुरतो का ते घरूनच मोजून जा, आणि ताका घेणार असं सांगूनच भाव विचारा. बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लक्षात ठेवा. ३६ इंची पन्ह्याचं कापड मीटरला स्वस्त दिसतं, पण झब्ब्याला जास्त मीटर लागतात. ४४ आणि ५८ इंचीचा हिशेब वेगळा. प्रत्येक पन्ह्याला एका मापात किती मीटर लागतं ते कागदावर लिहून न्या, दुकानात उभ्याने आकडेमोड जमत नाही. दुकानदार सांगेल तो आकडा त्याच्या सोयीचा असतो.

रंगाचं म्हणाल तर मार्केटात आत दिवसाही ट्यूबलाइट. तिथे गर्द केशरी वाटलेलं कापड उन्हात वेगळंच निघतं. टोक धरून बाहेरच्या रस्त्यापर्यंत या, कुणी हरकत घेत नाही. आणि एका रंगाचं कापड शक्यतो एकाच ताक्यातून, एकाच लॉटमधून घ्या. दोन लॉटच्या रंगात फरक असतो. घरात बसून तो दिसत नाही, पण नाच फेर धरून उभा राहिला की लांबूनसुद्धा कळतो.

कापड कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, पण माझं मत सांगते. सॅटिन चमकतं, लोकांना आवडतं. मात्र जाखडी नाचणारा तासभर घामाने न्हातो आणि सॅटिन अंगाला चिकटतं. वरून दोन-तीन वेळा धुतलं की धागे ओढले जातात. मी असते तर झब्बा टेरिकॉटचा केला असता आणि चमक फक्त शेल्याला, काठाला ठेवली असती. जर, लेस, टिकल्यांची पट्टी मंगळदासच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत आणि भुलेश्वरात, दोन्हीकडे आहे. भुलेश्वरात प्रकार जास्त.

मशीनच्या भागांसाठी मुंबईत पाय झिजवू नका. बॉबिन आणि सुया चिपळुणात मिळतील. जुना भाग खिशात टाकून जा म्हणजे झालं.

अंगणातली तुळस

सुई दोरा ताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून पाकिटात ठेवणार आहे. सॅटिनचं तुमचं म्हणणं आमच्या बुवांना सांगून बघते. त्यांना झगमग हवी आहे. नाचतात पोरं, घाम त्यांना येतो, बुवा आपले मृदंगामागे बसून.

सुई दोरा

बुवांना एक झब्बा सॅटिनचा शिवून द्या.

बंदरावरचा बाबू

घुंगरू आणि समई यावर माझं ऐका, कारण आपल्याकडचं खारं वारं सगळ्या धातूंची परीक्षा बघतं.

घुंगरू पितळी घ्या. बाजारात पितळेचा मुलामा दिलेले लोखंडी घुंगरू सर्रास मिळतात, आणि दिसायला सारखेच. खिशात एक छोटं चुंबक ठेवा. चिकटलं की ठेवून द्या, पावसाळ्याअखेर ते गंजणार आणि पोरांच्या पायाला तांबडे डाग पडणार. मूठभर घेऊन हलवून आवाज ऐका. सगळे सारखे वाजले पाहिजेत असं नाही, पण बद्द वाजणारे किती निघतात ते बघा. कुठे नगावर देतात, कुठे वजनावर. दोन्ही भाव विचारून घ्या. चाळाला पट्टा चामड्याचा की कापडी, तेही आधी ठरवा. कापडी पट्ट्यावर घरी शिवून घेणं स्वस्त पडतं, आणि तुमच्याकडे मशीन आहेच.

समईसाठी तांबाकाटा. तिथे पितळ किलोच्या भावाने, त्यावर घडणावळ. घरात जुनी फुटकी पितळी भांडी पडलेली असतील तर मोड म्हणून घेऊन जा. मोडीचा भाव नव्यापेक्षा कमीच मिळतो, तरी बिलातून चांगली रक्कम वजा होते. समई तुकड्यातुकड्यांची असते, आटे फिरवून जोडलेली. दुकानातच सगळी खोला, पुन्हा जोडा. आटे ढिले असतील तर तेल झिरपत राहतं आणि समई डुलते. वजन तुमच्यासमोर करून घ्या, खोक्यासकट नाही. फार नक्षी असलेली घेऊ नका. नक्षीत काजळी आणि तेल बसतं, घासणार कोण?

दुर्वांची जुडी

घासणार सूनच. साधी घ्या हो ताई.

बंदरावरचा बाबू

आणि दिव्यांच्या माळा. लोहार चाळीत शेकडो दुकानं. माळ तिथेच लावून दाखवतात, लावून बघितल्याशिवाय घेऊच नका. मंडपात, उघड्यावर लावणार असाल तर पाण्यापासून बचाव असलेली आहे का ते विचारा आणि पिनेजवळची वायर जाड आहे का बघा. आपल्याकडे गणपतीत पाऊस हमखास, वर व्होल्टेज वरखाली. खोक्यावर आयएसआयचं चिन्ह असलेली पट्टी आणि प्लग वेगळे घ्या, माळ स्वस्तातली चालेल. उलटं करू नका. थर्माकोलचं मखर कुणी दाखवलं तर घेऊ नका, २०१८ पासून राज्यात त्याला बंदी आहे. पुठ्ठ्याचं, कापडाचं, घडीचं मखर दादरला चांगलं मिळतं.

माजघर

मसालो मुंबैसून हाडतलास? आणि तो पण पावसात? गे बाये, मिरचे चैत-वैशाखाच्या उन्हात खडखडीत सुकवन डंकार नेवचे, मसालो बरणेत भरून वर हिंगाचो खडो घालून ठेवचो, मग वरीसभर तेका काय्येक होणा नाय. आता मिरची हातात घेतलास तर वळतली, मोडाची नाय. तसल्या मिरचेचो मसालो किती दिवस टिकतलो? शेजारणीक सांग, पुढच्या उन्हाळ्यात आपणच कर.

लालबागचा चाकरमानी

माजघर काकू, लालबागच्या मसाल्याला असं टाकून बोलू नका, आमचं घर त्यावर चालायचं. 🙂 तिथे गिऱ्हाईक मिरची निवडतं. रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, तिखटाला लवंगी किंवा पांडी, दोन्हीच्या मधली संकेश्वरी. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, बाद्यान सगळं यादीप्रमाणे मोजून, समोर भाजून, समोर डंकात कुटून देतात. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मिरच्या वाळवायच्या कुठे? गिरणगावात निम्मी वस्ती कोकणातली, त्यांच्यासाठी हे बाजार उभे राहिले. मालवणी, आगरी-कोळी, गोडा, ज्याला जो हवा तो.

पण पावसाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. तिथलीही खरी गर्दी मार्चपासून मेअखेरपर्यंत. आता गेलं तर तयार मसाला मिळेल. तो वाईट नसतो, पण यादी देऊन समोर कुटून घेतलेला नव्हे. ताई, काकींसाठी पाव किलो तयार आणा, हट्ट पुरा होईल. आणि परळला राहताच आहात, चिवडा गल्ली तिथून जवळच. संध्याकाळी गरम चिवडा घ्या, ती खरी खरेदी.

माजघर

दहा बाय दहाच्या खोलयेचा बरोबर बोललास रे झिला. आमचे पण तिकडेच रवले.

नाखवा

धागा चोरतोय, माफी. मी हर्णैचा. १ जूनपासूनची मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते, त्याआधी बोटीचं सामान भरायचंय. साखळी, शॅकल (साखळी-दोर जोडायची लोखंडी कडी), नट-बोल्ट, पंपाचे पट्टे. आमच्याकडे मिळतं पण ठरावीक मापातच. मुंबईत कुठे बघावं?

बंदरावरचा बाबू

नट-बोल्ट, हत्यारं, बेअरिंग, मशीनचे पट्टे, रबराचं सामान यासाठी नागदेवी स्ट्रीट. मस्जिद स्टेशनला उतरा, चालत जवळ. एकेका दुकानात एकेकच प्रकार. बोल्टवाल्याकडे पट्टा मिळणार नाही, पण कुठे मिळेल ते तो नेमकं सांगतो. जुना तुकडा बरोबर न्या किंवा व्हर्नियरने माप घेऊन जा. 'साधारण एवढा' असं हाताने दाखवलंत तर तिथे कुणी उभं करत नाही.

साखळी, नांगर, जाड दोर, जहाजावरचं जुनं सामान यासाठी दारूखाना. हार्बरच्या रे रोड स्टेशनवरून. जहाजं तोडून निघालेला माल तिथे येतो. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे झीज किती झालीय ते बघून घ्या, वरून रंग मारलेला असतो. बसलेला भाव तिथे नसतोच, अर्ध्यापासून बोलायला सुरुवात करा.

स्टेनलेसचं सामान घेणार असाल तर ३१६ ग्रेडचं मागा. ३०४ स्वयंपाकघरात ठीक आहे, खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे पडतात. चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्यायचा. लिहून द्यायला कां कूं केली तर माल ३०४ आहे असं समजा. एका दुकानाने मला तोंडी ३१६ सांगून दिलेले शॅकल दिवाळीपर्यंत तपकिरी झाले होते.

नाखवा

लय उपकार. दारूखान्यात सकाळी जाऊ की दुपारी?

बंदरावरचा बाबू

सकाळी अकरानंतर. आणि चपला नको, बूट घाला. जमिनीवर पत्रे, खिळे, ग्रीस सगळं असतं.

आंबट गोड

आम्ही घरगुती कोकम सरबत करून विकतो (वेंगुर्ला). तुम्हा मंडळींच्या गल्ल्यांत एक भर घालते. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शामळदास गांधी मार्ग. औषधांचा घाऊक बाजार म्हणून लोक ओळखतात, पण तिथे प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानंही आहेत. हातात धरून बघायचा रिफ्रॅक्टोमीटर (पाकातली साखर मोजायचं साधन) मी तिथूनच आणला. फळांच्या सिरपला विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात. ते बोटाला तार बघून ठरवायचं म्हटलं तर दर घाण्याला वेगळं निघतं. ऑनलाइनही मिळतो, पण दुकानात पाण्याचा थेंब टाकून शून्य लावून दाखवलं, वापरायचा कसा ते शिकवलं. ० ते ३२ पर्यंतचा घेऊ नका, तो रसाला. पाकाला वरचा आकडा वाचणारा लागतो.

पायरीवरचा

एवढे सगळे क्रॉफर्ड मार्केटला वळसा घालून पुढे जाताय, जरा मान वर करून बघा की. ती इमारत १८६९ ची, विल्यम एमर्सनने बांधलेली. दारावरच्या दगडी पट्टीत शेतकरी कोरलेत ना, ते लॉकवुड किपलिंगचं काम. आतलं कारंजंही त्याचंच. १८८२ मध्ये इथे विजेचे दिवे लागले, देशात एखाद्या इमारतीत पहिल्यांदाच. फळांचा घाऊक बाजार वाशीला गेल्यापासून तिथली ती लगबग ओसरली, तरी आंब्याच्या दिवसांत देवगड-रत्नागिरीच्या पेट्या अजून रचलेल्या असतात.

अवांतर: झवेरी बाजारातून जाताना रस्त्याकडे बघा. पहाटे तिथे दुकानांपुढची धूळ झाडून गोळा करणारी माणसं असतात. कारागिरांच्या कपड्यांना, पायांना लागून आलेला सोन्याचा कण त्या धुळीत असतो. ती धूळ धुऊन, गाळून त्यावर पोट चालवणारी कुटुंबं आहेत. धुळीलाही भाव असलेला दुसरा बाजार मी पाहिलेला नाही.

अलिबागी

रायगडवाल्यांची आठवण कुणाला नाही. 🙂 आम्ही मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरतो. गाडीसकट जाता येतं, त्यामुळे जड खरेदीची काळजी नाही. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद, रो-रो हवामान बघून चालते. निघण्याआधी फोन करून घ्यायचा. गणपतीची मूर्ती मात्र मुंबईतून आणणाऱ्या माणसाला मी मानत नाही. पेण इतकं जवळ असताना?

अंगणातली तुळस

सगळ्यांचे आभार. आता माझा बेत असा ठरतोय, चुकत असेल तर सांगा.

बुधवारी पहाटे सीएसएमटी. एवढ्या लवकर दुकानं उघडत नाहीत, म्हणून आधी परळला जाऊन आंघोळ, चहा, मग साडेदहाला परत. मंगळदास, लोहार चाळ, तांबाकाटा, भुलेश्वर. गुरुवारी दादर: मखर, पेटीची चौकशी, मग लालबाग. त्याच रात्री परत.

पेटीचं कुणीच बोललं नाही. दादरला हरिभाऊ विश्वनाथ आहेत ते माहितीये. पण पेटी उचलून न्यायची की नुसतं विचारून यायचं?

वाडीकर

नेऊ नका. गणपतीच्या तोंडावर कुठल्याही पेटीवाल्याकडे कामाची रांग असते. तुमची पेटी त्यांच्याकडेच अडकली तर आरतीला काय वाजवणार? शिवाय पावसात लाकूड फुगलेलं, सूर आत्ता लावले तरी दसऱ्यानंतर पुन्हा उतरणार. भाता फाटलाय एवढंच असेल तर गावाजवळचा कारागीर आठवड्यात करून देतो. आमच्याकडे डबलबारीमुळे (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यांमुळे) पेटी दुरुस्त करणारे बरेच आहेत, तुमच्या बाजूलाही भजनी मंडळात विचारा. सूर आणि पट्ट्यांचं मोठं काम हिवाळ्यात दादरला न्या. आत्ता भात्याचे आणि पट्ट्यांचे फोटो घेऊन जा, खर्चाचा अंदाज विचारून या.

लालबागचा चाकरमानी

बेत चांगला आहे, दोन सुधारणा. एक, पहाटे परळला जायची घाई नसेल तर आधी दादरला उतरून फुलबाजार बघा. स्टेशनच्या पश्चिमेला, पहाटेपासून चालू. गणपतीला फुलं कुठून येतात आणि गावात आपण काय भाव देतो ते कळेल, डोकं फिरेल. दोन, रात्रीच्या गाडीची वेळ नीट तपासा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, बाहेर छापलेल्या जुन्या वेळेवर जाऊ नका.

सामान जास्त झालं तर ताका अंगावर वागवू नका. चिपळूणकडे जाणाऱ्या रात्रीच्या खासगी बसवाल्यांकडे पार्सल देता येतं, एसटीचीही पार्सल सेवा आहे. पार्सलात कापड द्या, समई आणि माळा स्वतःजवळ. कापडाच्या गठ्ठ्याला आधी प्लास्टिक, मग गोणपाट. वर नाव आणि उतरायचं ठिकाण दोन बाजूंना लिहा, मार्करने, बॉलपेनने नाही. पावसात बॉलपेन पुसलं जातं.

सुई दोरा

आणि बिल मंडळाच्या नावाने करून घ्या, तुमच्या नावाने नको. नंतर हिशेबाच्या सभेत कुणाला कंठ फुटेल सांगता येत नाही.

दुर्वांची जुडी

ताई, भुलेश्वरात जाताच आहात तर गौरीसाठी मोत्याची नथ बघाल का? खोटीच, पण जरा नाजूक. मी फोटो पाठवते.

माजघर

माका पण बेडगी मिरची अर्धो किलो. मसाल्याक नाय, रंगाक.

अंगणातली तुळस

काकू, तुम्हीच म्हणालात पावसात मिरची घेऊ नये!

माजघर

ता मसाल्याक. हुमणात दोन मिरचे घालूक काय होता?

नाखवा

ताई, नागदेवीवरून जाणार असाल तर दोन पट्टे...

अंगणातली तुळस

नागदेवीवरून मी जाणार नाही! नथ आणेन, मिरची आणेन. याउपर ज्यांना काही हवं असेल त्यांनी मंगळवारी दुपारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटो, माप आणि पैसे आधी. दोन किलोच्या वरचं काही नाही.